डावीकडची ताई

१

माझं काम काय ते सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हेवा करतात. दिवसभर गेम खेळायचे आणि वर पगार घ्यायचा! मग मी सांगते की गेम एकच असतो, तो एकाच वेळी दोन ठिकाणी खेळायचा असतो, आणि जिंकण्याशी आपला काडीचा संबंध नसतो. तेवढ्यावर त्यांचा हेवा बऱ्यापैकी उतरतो.

आमची कंपनी जुने गेम नव्याने बाजारात आणते. टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर एके काळी जे गाजले ते. त्यांतल्या बऱ्याच गेमचं मूळ सामान, म्हणजे कोड आणि चित्रं, आता कुणाकडेच उरलेलं नाही. उरलेली असते ती पीसीवरची आवृत्ती, मूळ गेम खपतोय म्हटल्यावर कुणीतरी घाईघाईत उरकलेली. संगीत पातळ, रंग विटके, एखाद्या दाराला मूठच नाही. नवा गेम याच आवृत्तीवरून बांधावा लागतो, आणि मग तिची सगळी दुखणी नव्यात उतरतात. ती हुडकायला मला ठेवलंय. डावीकडच्या स्क्रीनवर जुनी पीसीची आवृत्ती, उजवीकडे आमची नवी. फरक दिसला की थांबायचं आणि दोष कुणाचा ते ठरवायचं. शंकाच आली तर कपाटावर मूळ कन्सोल आहे. ऑफिसात सगळे मला भिंग म्हणतात. मला ते आवडतं, पण तसं मी कुणाला दाखवत नाही.

दोन्ही मशीनना मी एकच कंट्रोलर जोडलाय, वायरला दोन फाटे काढून. अंगठा पुढे ढकलला की दोन्हीकडची पोरगी चालायला लागते. डावीकडची जरा मागून. जुन्या आवृत्तीची ती जन्माची खोड, सांगितलेलं तिच्यापर्यंत पोचायला क्षणभर लागतोच. मला त्याची इतकी सवय झाली होती की उजवीकडच्या पावलामागून डावीकडचं पाऊल ऐकू आलं नाही, तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

या वेळचा गेम एका बंद पडलेल्या हॉटेलातला होता. एक मुलगी आणि तिचा लहान भाऊ. दोघांना नावं नाहीत, म्हणून आम्ही ताई आणि धाकटा म्हणायचो. धाकट्याला वरच्या मजल्यावरून खाली मुख्य दाराशी आणायचं, बस्स. कंट्रोलरच्या वरच्या कडेला एक बटण असतं. ते दाबून धरलं की ताईने त्याचा हात धरलेला असतो. बोट उचललं की हात सुटतो. सुटल्यावर रक्त नाही, किंचाळी नाही. दिवे थोडे मंद होतात, परत नीट होतात, आणि कॉरिडॉरमध्ये ताई एकटी उभी असते. मग पहिल्यापासून सुरुवात.

त्या बटणापायी माझी तर्जनी सुट्टीच्या दिवशीसुद्धा वाकलेली असते.

२

घरीसुद्धा मला एक धाकटा आहे. त्याचं वय सत्तरीच्या पुढे आहे आणि तो माझा बाप लागतो.

बाबांचा उजवा डोळा काचबिंदूने कधीच नेला. डाव्यात उजेड आणि सावली एवढंच कळतं. आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद आहे, आणि लिफ्टवाला ‘उद्या येतो’ याशिवाय दुसरं वाक्य शिकलेला नाही. तेव्हा ऑफिसातून आले की मी बाबांचा हात धरून त्यांना जिना उतरवते, कोपऱ्यावरच्या बागेला एक फेरी मारून आणते. काठीला त्यांचा ठाम नकार.

‘काठी घेतली की लोक माझ्याशी मोठ्याने बोलतात,’ ते म्हणतात. ‘आंधळा झालोय, बहिरा नाही. तुझा हात धरला की कसं, लेकीसाठी स्थळ बघायला निघालाय असं तरी वाटतं.’

‘स्थळाला दिसेल ना, सासरा कसा आहे तो.’

‘मला जावई दिसणार नाही, ते त्याचं नशीब.’

हे आमचं रोजचं. पण एकदा मला यायला उशीर झाला, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू त्यांना उतरवायला आल्या. अर्ध्यात बाबांची पायरी चुकली. पडले नाहीत, कठडा हाताशी आला. पण त्या दिवसापासून दुसऱ्या कुणाचा हात धरायचं त्यांनी सोडून दिलं. कुणाला सांगत नाहीत, फक्त कुणी हात पुढे केला की खिशात घालतात.

डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. कितीतरी खेटे घालून मिळवलेली. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, ‘उरलाय तेवढा उजेड वाचवता येईल, पण ही तारीख गेली तर मी काही सांगू शकत नाही.’ घरी आल्यावर बाबा खिडकीपाशी जाऊन बराच वेळ तोंडापुढे हात हलवत बसले, सावली हलते का ते बघत. मी स्वयंपाकघरातून पाहिलं आणि गुपचूप कुकर लावला.

३

पहिल्यांदा ते झालं ते दुपारी, जेवणं आटोपून सगळे जरा पेंगुळलेले असताना.

हॉटेलात उंच खिडक्यांचा एक कॉरिडॉर आहे. त्याच्या टोकाला डावीकडे वळायचं. मी तो इतक्या वेळा चालले होते की डोळे मिटूनही चालले असते. टोक आलं. डावीकडची ताई वळली. मागून उजवीकडची वळली.

मला वाटलं, आज स्क्रीनची अदलाबदल झाली. बघितलं तर झाली नव्हती. वायरी काढून पुन्हा लावल्या, दोन्ही मशीन बंद करून चालू केली. दोन-चार खोल्या सगळं नीट चाललं आणि मग परत तसंच. आधी डावी, मग उजवी.

शेजारच्या टेबलावर आमचा आवाजवाला बसतो. कानांवर मोठे हेडफोन, डोळे अर्धे मिटलेले, आणि डास गुणगुणला तरी तो कुठल्या सुरात ते सांगेल. त्याला आम्ही कानसेन म्हणतो. मी त्याच्या खांद्यावर टिचकी मारली.

त्याने हेडफोन माझ्या मशीनला लावले. जरा ऐकलं. ‘खरंच की. हिचं पाऊल आधी पडतंय.’

‘का पण?’

‘अगं, नवीच जड झाली असेल. काल धुकं आणि दिवे घातले ना तिच्यात? तीच मागे पडतेय. जुनी आहे तिथेच आहे.’

पटण्यासारखं होतं. मला एकदम हलकं वाटलं. आपल्याला उगाच काहीतरी दिसतं, असं स्वतःलाच म्हणून मी परत बसले.

पण माझा स्वभाव पडला संशयी, त्याचीच मी भाकरी खाते. तपासून बघावं म्हणून अंगठा कंट्रोलरवरून उचलला आणि नुसता हवेत धरला. मनात म्हटलं, आता समोरच्या दारापर्यंत जायचं. अजून काहीच दाबलेलं नव्हतं.

डावीकडची ताई दोन पावलं पुढे गेली.

आणि मग माझा अंगठा खाली आला आणि उजवीकडची गेली. तो मी खाली आणला होता, नाही असं नाही. पण आणायच्या आधी ‘आता आण’ असं मी म्हटलेलं मला आठवत नव्हतं.

मी मोबाइल उभा करून सगळं चित्रित केलं, माझा हात आणि दोन्ही स्क्रीन. कानसेनला दाखवलं. त्याने ते पुन्हापुन्हा मागे नेऊन पाहिलं.

‘हे बघ,’ तो म्हणाला, ‘जुन्या गेममध्ये एक प्रकार असायचा. हात लावला नाही की गेम आपोआप खेळून दाखवायचा, दुकानात गिऱ्हाईक उभं राहावं म्हणून. डावीकडे ते चालू झालं असणार. आणि तू तिच्याकडे बघत बसतेस, म्हणून ती करते ते तुझा अंगठा करतो. तू तिची नक्कल करतेयस, दुसरं काही नाही.’

या गेममध्ये तसला प्रकार नव्हता. मूळ कन्सोलवर नव्हता, पीसीवर नव्हता. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण मी मान डोलावली. कानसेन हसत होता आणि ऑफिसात ऊन आलं होतं, आणि मला त्याचं खरं मानायचं होतं.

४

त्या संध्याकाळी बाबांना घेऊन उतरत होते. आमचा जिना साधाच, जुन्या इमारतींना असतो तसा. दोन मजल्यांच्या मध्ये वळण, वळणावर खिडकी, खिडकीत कुणीतरी आणून ठेवलेली आणि पाणी घालायला विसरलेली कुंडी. बाबांचा हात माझ्या हातात. प्रत्येक पायरीला ते आधी टाच टेकवतात, मग पाऊल. मी त्यांना लिफ्टवाल्याची नवी थाप सांगत होते.

एका वळणावर ते थांबले.

‘पुढे कोण उतरतंय?’

मी वाकून पाहिलं. ‘कुणी नाही.’

‘आत्ता गेलं की. आपल्या जरा पुढे.’

‘काकू असतील.’

‘काकूंचं पाऊल मला माहीत आहे. ते हे नव्हे.’ ते क्षणभर कान देऊन राहिले. ‘मला तर तुझीच चप्पल वाटली.’

मी हसले. हसू बरं आलं नाही. ‘माझी चप्पल माझ्या पायात आहे, बाबा. घुमत असेल आवाज. जिना रिकामा आहे म्हणून.’

‘घुमला तर नंतर येईल ना गं,’ बाबा म्हणाले. ‘आधी कसा येईल?’

आणि पुन्हा उतरायला लागले, टाच, मग पाऊल, अगदी बिनघोर. त्यांच्या हातात माझा हात होता, त्यांना कशाची भीती? मला मात्र पुढची प्रत्येक पायरी उतरायला नको वाटत होतं. मी त्यांचा हात इतका आवळला की त्यांनीच म्हटलं, ‘हळू, मोडशील.’ बागेत गेल्यावर मी बाकावर बसून राहिले आणि त्या दिवशी फेरी झालीच नाही.

५

ऑपरेशनला मध्ये एकच दिवस होता. मी रजा टाकणार होते, म्हणून मॅनेजरबाईंनी मागचा जिना तेवढा संपवून जा म्हणून सांगितलं.

हॉटेलचा हा मागचा जिना या गेमचा सगळ्यात नावाजलेला भाग. मूळ कन्सोलवर त्याच्या खालच्या अर्ध्यात धुकं आहे. ताई आणि धाकटा एकेक पायरी उतरतात आणि पुढची पायरी पाय टाकल्यावरच दिसते. पीसीवर आणताना ते धुकं लावायचं राहून गेलं. त्यामुळे जुन्या आवृत्तीत जिना पार खालपर्यंत उघडा दिसतो. खाली बघण्यासारखं काही नाही, कारण कुणी बघेल असं बनवणाऱ्यांना वाटलंच नव्हतं. एक चौकोनी फरशी आणि पलीकडे काळं. आम्ही नव्यात धुकं परत घातलं होतं. ते मुळासारखं दाट उतरलंय की नाही, एवढंच मला बघायचं होतं.

मी कानसेनला मुद्दाम बोलावून घेतलं. धुक्यात पावलांचा आवाज दबतो की नाही ते ऐक, असं कारण सांगितलं. खरं तर मला एकटीने तो जिना उतरायचा नव्हता.

तर्जनीने बटण दाबलं. दोन्हीकडच्या ताईंनी आपापल्या धाकट्याचा हात धरला. उतरायला लागले. डावी पुढे, उजवी मागे, आता हे रोजचंच झालं होतं. उजवीकडे धुकं छान उतरलं होतं. मी डावीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि अर्थातच तिथेच बघत होते.

धुकं सुरू व्हायचं त्या पायरीवर डावीकडच्या ताईने हात सोडला.

माझं बोट बटणावर होतं. मी ते इतकं दाबलं होतं की नख पांढरं पडलं होतं. ते मी डोळ्यांनी पाहिलं. उजवीकडची अजून हात धरूनच होती. आणि मग, मी त्या पांढऱ्या नखाकडे बघत असतानाच, ते बोट उचललं गेलं. हलकेच, कुणी झोपलेल्याच्या अंगावरून हात काढून घेतं तसं. उजवीकडचाही हात सुटला.

उजवीकडे दिवे मंद झाले, परत आले, धुक्यात ताई एकटी.

डावीकडे दिवे मंद झाले नाहीत. धाकटा त्याच पायरीवर उभा होता, सुटलेला हात तसाच वर धरून. ताई एकटी खाली उतरत गेली. गेममध्ये तसं जाताच येत नाही, धाकट्याशिवाय पुढची पायरीच मिळत नाही. ती पार खालच्या फरशीवर गेली आणि वळली.

जुन्या आवृत्तीतले चेहरे म्हणजे नुसते ठिपके. डोळ्यांच्या जागी दोन डाग, तोंडाची एक रेघ. त्या डागांना बघता येत नाही, हे मला माहीत आहे. ती धाकट्याकडे बघत नव्हती. त्याच्यावरून, जिन्याच्या वरून, सरळ बाहेर बघत होती. मग तिने हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.

‘सोडलंस की,’ कानसेन म्हणाला.

‘मी नाही सोडलं.’

‘अगं, मी बघत होतो ना. बोट उचललंस तू. आधी ती सुटली, मग तू...’ तो बोलता बोलता थांबला. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि वाकून डाव्या मशीनचं बटणच बंद केलं.

मॅनेजरबाईंना मी बोलावून आणलं. मशीन परत चालू केलं तेव्हा जिना बिनबोभाट उतरला, हात सुटला नाही, डावीकडची ताई चांगली मागून चालली. बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

‘जुन्यातला दोष आहे ना? आपल्या नव्यात नाही ना? मग सोडून दे. घरी जा, झोप काढ. परवा वडिलांचं आहे ना तुझ्या?’

त्या चांगुलपणाने बोलल्या. मी मात्र दोन्ही हात खिशात घातले.

६

मी वेडी नाही. दमले होते, घोर होता, एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून महिनोन् महिने बघत होते. अशा माणसाला काहीही दिसतं. हे सगळं मी स्वतःला बसमध्ये समजावलं आणि मला ते पटलंही. पण बोट उचललं गेलं होतं, ते कानसेननेही पाहिलं होतं. माझा हात माझ्या नकळत सुटतो, एवढं तरी खरं होतं. आणि परवा त्याच हाताने मला बाबांना सबंध जिना उतरवायचा होता.

पडले तर? नुसती पायरी चुकून मुका मार बसला, तरी ऑपरेशन गेलं, तारीख गेली, उजेड गेला. मग मी सरळ विचार केला. हातच धरला नाही तर सुटणार कुठून?

दुसऱ्या दिवशी कानसेनला फोन केला. तो एका शब्दात हो म्हणाला. उलट मलाच विचारलं, ‘तू ठीक आहेस ना?’

बाबांना सांगणं अवघड गेलं. ते रेडिओ मांडीवर घेऊन बसले होते.

‘उद्या माझ्या ऑफिसातला एक जण येणार आहे. तो तुम्हाला खाली नेईल.’

‘आणि तू कुठे आहेस?’

‘मी आहेच बरोबर. माझं मनगट दुखतंय, बाबा. पकड राहत नाही.’

त्यांनी रेडिओ बंद केला. ‘दाखव.’

मी हात पुढे केला. ते बोटं चाचपत गेले, एकेक. तर्जनीपाशी थांबले. ती वाकलेलीच होती. त्यांनी ती सरळ करून पाहिली, सोडल्यावर परत वाकली.

‘मी जड झालोय का गं तुला?’

‘काहीतरीच काय बोलता!’

‘नाही, झालो असेन तर सांग. मी काठी घेतो.’

काठी घेतो! खरं काय ते सांगावं असं फार वाटलं, पण सांगणार काय? की एका गेममधल्या पोरीने हात सोडला? मी म्हटलं, ‘एका दिवसाचा प्रश्न आहे, बाबा. परत येताना मीच आणीन तुम्हाला.’

‘बरं,’ ते म्हणाले. आणि जरा वेळाने, ‘पण तू पुढे राहा. मागे नको. तू पुढे आहेस हे कळलं की मी कुणाचाही हात धरीन.’

७

सकाळी चांगलं लख्ख ऊन होतं. कानसेन वेळेवर आला, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू लग्नालाच निघालाय. बाबांनी त्याचा आवाज ऐकून ‘हाच का जावई?’ म्हणून त्याला पुरता लाजवला. सगळं हसण्यावारी गेलं आणि मला वाटलं, एवढंसं तर होतं, उगाच जीव खालीवर केला.

आम्ही दाराबाहेर आलो तेवढ्यात कानसेनचा फोन वाजला. खाली टॅक्सीवाला ओरडत होता, इथे थांबू देत नाहीत, निघतो मी. कानसेनने बाबांची पिशवी उचलली. ‘काका, त्याला धरून ठेवतो आणि आलोच. हलू नका.’ दोन-दोन पायऱ्या टाकत तो गेला.

बाबा कठडा धरून उभे राहिले, पॉलिश केलेले बूट पहिल्या पायरीच्या कडेशी नीट जुळवून. मी त्यांच्यापासून हातभर लांब उभी होते. हात जॅकेटच्या खिशात. त्यांचा मोकळा हात सवयीने माझ्या दिशेला आला, हवेत जरा चाचपडला. मी मागे सरकले. तो हात तसाच थोडा वेळ राहिला आणि मग त्यांनी तो स्वतःच्या कोटावर फिरवला, धूळ झटकल्यासारखं करून. मला रडू फुटेल असं वाटलं.

‘रिपोर्ट घेतलेस का?’ त्यांनी विचारलं.

रिपोर्ट आत टेबलावर राहिले होते. ‘आणते. तुम्ही जागचे हलू नका हं. तो येतोच आहे.’

‘तू आहेस ना?’

‘आहे हो.’

मी आत गेले. रिपोर्ट उचलले. गॅस बंद आहे ना तेवढं पाहिलं. बाहेरून बाबांचा आवाज आला, खुशीतला, हलका. ‘आलीस शेवटी. मला वाटलंच.’ कानसेनला चिडवतायत, मी म्हटलं. जावयाची आता सून केली. मी बाहेर येऊन दाराला कुलूप लावलं.

जिन्याच्या तोंडाशी कुणी नव्हतं.

कठड्यावरून वाकले. बाबा एक मजला उतरून गेले होते. मला वरून त्यांचं टक्कल आणि कोटाचे खांदे दिसत होते. ते टाच टेकवून बघत नव्हते. डोळे चांगले होते तेव्हा उतरायचे तसे भराभर उतरत होते, न चाचपता, न अडखळता. उजवा हात पुढे आणि किंचित वर केलेला होता, बोटं कशाभोवती तरी मिटलेली. त्या हाताच्या पुढचं मला दिसत नव्हतं. मध्ये वळणाची भिंत येत होती. ते वळले आणि खांदेही भिंतीआड गेले.

बरा चपळ आहे हा, असं मी कानसेनबद्दल म्हटलं. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? मी उतरायला लागले, पहिल्या वळणावर आले आणि तिथल्या खिडकीतून खाली रस्ता दिसला. टॅक्सी उभी होती. कानसेन तिचं दार उघडं धरून ड्रायव्हरशी हुज्जत घालत होता, बाबांची पिशवी काखेत. त्याने वर बघितलं, मी दिसले, त्याने हात हलवला. आलो, आलो.

मी खिडकीचे गज धरले. दोन्ही हातांनी. हात माझे होते, माझ्यासमोर होते, दोन्ही तिथेच होते.

‘बाबा!’ मी ओरडले. ‘बाबा, थांबा! हात सोडा!’

पावलं थांबली नाहीत. एका जोडीची टकटक बुटांची, आणि तिच्या जरा पुढे चपलांची. खूप खालून, तळमजल्याच्याही खालून यावा तसा बाबांचा आवाज आला, लाडिक वैतागाचा, लहानपणी माझ्यावर रागवायचे तसा.

‘अगं, ओरडतेस काय अशी? तूच तर धरलायस.’